हस्तक्षेप : तीव्र

दातिवऱ्याच्या किनाऱ्याला सुरूचं बन आहे. लांबी साडेचार किलोमीटर, रुंदी कुठे दोनशे पावलं तर कुठे चारशे. वारा आणि वाळू गावात शिरू नये म्हणून माणसांनी ते लावलं. प्लॉट पाडले, दर प्लॉटला नंबर दिला, आणि जुनी झाडं तोडून नवी लावत चाळीस-पन्नास वर्षं राखलं. राखण्याचं काम किनारी वन विकास मंडळाकडे. या बनात प्राणी कोणते आणि किती, हे मंडळाला कागदावर हवं होतं. म्हणून त्यांनी एका संस्थेला मोजणी दिली, आणि संस्थेने उत्कर्षा काळेलला पाठवलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिन्यांची नेमणूक.

उत्कर्षा बोईसरची. वडील खंडेराव मूळचे माणदेशातले. तरुणपणी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून तिने असे दोन हंगाम केले होते, एक जव्हारकडे सागाच्या रोपवनात, दुसरा मनोरजवळ खैराच्या जंगलात. हंगाम संपला की नेमणूक संपायची आणि उरलेले आठ महिने ती नववी-दहावीच्या शिकवण्या घ्यायची. शेजारी विचारत, मुलगी काय करते? खंडेराव ठासून सांगत, "जंगलखात्यात आहे." तिची आई रखमाबाई घरात शिरल्यावर म्हणायची, "अहो, कुठल्या खात्यात? पोरीला साधं ओळखपत्र नाही."

दातिवऱ्यात तिला खोली मिळाली काशीबाईकडे. काशीबाई साठीला आलेली, काटक, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा निमेश दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, सून हिना घरचं आणि मासळीचं दोन्ही बघायची. सासू-सुना बोंबील, मांदेली, जवळा सुकवून सफाळ्याच्या बाजारात विकत. घर आणि समुद्र यांच्या मधे बन. बनातून जाणाऱ्या पायवाटेने पाटी डोक्यावर घेऊन पाच मिनिटांत पलीकडच्या मोकळ्या वाळूवर पोचता यायचं. तिथे गावातल्या पस्तीस-चाळीस बायकांच्या वलांड्या उभ्या होत्या. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि बोंबील जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून त्यावर टांगायचे. नोव्हेंबरात ती सगळी वाळू पांढरट-गुलाबी दिसायची.

उत्कर्षाने कामाला सुरुवात केली. नकाशावर बनातून सहा सरळ रेषा आखून दिल्या होत्या. रोज पहाटे आणि सूर्य कलल्यावर त्या रेषांवरून चालायचं, वाटेत दिसेल तो प्राणी, ठसा, विष्ठा टिपायची. शिवाय झाडांना बांधायला नऊ कॅमेरे होते, समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारे. बारा दिवस ती चालली. मुंगूस दिसलं, घोरपडीची रेघ दिसली, कुत्रे तर ढिगाने. कोल्हा मात्र एकही नाही, आणि संस्थेला कोल्ह्यांचीच मोजणी मुख्यतः हवी होती. संध्याकाळी ओट्यावर बसून ती तक्ता भरायची, कोल्ह्याच्या रकान्यात 'निरंक' लिहायची. तेराव्या दिवशी काशीबाई लसूण सोलता सोलता म्हणाली, "रोज काय शोधतंस गं बाय तिकडं?"

"कोल्हे, मावशी."

काशीबाईने हिनाकडे बघितलं आणि दोघी हसत सुटल्या. "ऐकलंस का? कोल्हे नाय गावत हिला!" मग डोळे पुसत ती म्हणाली, "कोल्हा काय तुझ्या रेघेवर चालायला बांधलाय? उद्या माझ्यासंगती चल. पन ती पिशवी, ते यंत्र घरी ठेव. नि तो साबनाचा वास घालवून ये."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला ती काशीबाईमागून बनातून गेली. वाळूवर बायका कामाला लागल्या होत्या. वलांड्यांच्या मागे, जिथे सुरूची शेवटची रांग संपते, तिथे काशीबाईने तिला उकिडवं बसवलं. थोड्या वेळाने झाडांतून एक कोल्हीण बाहेर आली. डावा कान टोकापासून मुळापर्यंत फाटलेला. तिच्यामागे अंगाने भरलेली दोन पिल्लं, आणि जरा लांब नर. बायकांनी वेचून टाकलेली कुजकी मासळी आणि जाळ्यातून आलेला खेकड्यांचा चुरा एका बाजूला पडला होता, तिथे ती सगळी शांतपणे खाऊ लागली. कुणी बाई दचकली नाही, कुणी हाकललं नाही. एकीने फक्त आपली भरलेली पाटी जरा जवळ ओढून घेतली.

"ती कानफाटी," काशीबाई हळूच म्हणाली. "पाच वरसं झाली. ही लोकं इथं हायत म्हनून उंदीर नाय. नायतर उंदीर एका रातीत वलांडी साफ करतील. नि कुत्रं पन यांच्या वाटेला जात नाय."

"तुम्ही पाळलेत जणू," उत्कर्षा म्हणाली.

"पाळलंय कसलं! कोंबडं मोकळं सोड, बघ कसं उचलतात. आमी त्यांना खायला देत नाय. आमी टाकतो, ती खातात. एवढंच."

त्या दिवशी उत्कर्षाने तीन कॅमेरे काढून वलांड्यांच्या कडेला आणि पायवाटेवर बांधले. मग फोटोंचा पाऊस पडला. एका फोटोत तर कानफाटी तोंडात अख्खा बोंबील धरून कॅमेऱ्याकडे बघतेय, आणि मागे अंधूक, पाटी घेतलेल्या बाईचे पाय. कान, शेपटीचा रंग, अंगावरचे व्रण जुळवून ती एकेका प्राण्याला ओळखू लागली. बनात तीन बिळं सापडली, तिन्ही काशीबाईने दाखवलेली. फेब्रुवारी संपत आला तेव्हा तिच्या हिशोबाने बनात सोळा कोल्हे होते. डहाणूपासून वसईपर्यंत संस्थेने जिथे जिथे मोजणी केली, तिथे कुठेच एवढे नव्हते.

चार महिन्यांत ती त्या घरातलीच झाली होती. हिनाने तिला बोंबील टांगायला शिकवलं, तिने हिनाला मोबाइलवरून बँकेचं काम करायला. पाठ धरली की काशीबाई तिच्याकडून तेल लावून घ्यायची. जायच्या आदल्या दिवशी ती शेवटचा तक्ता भरत होती. या तक्त्याचं नाव 'मानवी हस्तक्षेप'. पायवाटा किती, सरपण गोळा करणारी माणसं किती, जनावरं, कुत्रे, इतर वापर. आकडे ठरावीक मर्यादेवर गेले की पुढे 'सौम्य', 'मध्यम' किंवा 'तीव्र' असं लिहायचं. काशीबाई शेजारी येऊन बसली.

"आता काय लिवतंस?"

"बनात माणसं किती येतात ते."

"मग माझं लिव. रोज दोनदा जातं मी. हिना एकदा. नि सरपनाला मंगळवारी." तिने बोटं मोजून आळीतल्या बायकांची नावं सांगितली, कोण कुठल्या वाटेने जाते तेही सांगितलं. कुणी राहून जाऊ नये म्हणून एकदा हिनालाही हाक मारून विचारलं.

उत्कर्षाने सगळं लिहून घेतलं. सहा पायवाटा, रोज सत्तरच्या वर फेऱ्या, चाळीस वलांड्या. मर्यादेच्या किती तरी वर. तिने रकान्यात 'तीव्र' लिहिलं, कारण नियमाप्रमाणे ते तीव्रच होतं. खाली शेऱ्यात तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, की कोल्ह्यांची ही संख्या मासळी सुकवण्याच्या जागेवर अवलंबून असावी, आणि इथल्या बायकांचा वावर त्यांना त्रासदायक दिसत नाही.

पालघरच्या कार्यालयात इंद्रजीत सरांनी अहवालाचा मसुदा वाचला. हे संस्थेचे प्रकल्पप्रमुख. हुशार, मृदू बोलणारे, कुणावर कधी आवाज न चढवणारे.

"सोळा! उत्कर्षा, तू कमाल केलीस." त्यांनी पानं उलटली. "हा शेरा मात्र मी परिशिष्टात घेतोय. हे तुझं निरीक्षण आहे, पुरावा नाही. अहवालाच्या गाभ्यात आकडेच असू देत."

"पण सर, परिशिष्ट कोण वाचतं? नुसतं 'तीव्र' वाचून त्यांना वाटेल की बायकांमुळे धोका आहे."

"मंडळाला काही तरी करण्याजोगं सापडावं लागतं, तेव्हा ते पुढच्या वर्षी मोजणी देतात. आणि तू खोटं काही लिहिलेलं नाहीयेस." त्यांनी मसुदा मिटला. "पुढच्या हंगामापासून मला गटप्रमुख हवाय. वर्षभराची नेमणूक. मी तुझं नाव सुचवतोय."

उत्कर्षाला त्या क्षणी बोलायचं होतं. शेरा गाभ्यात राहू दे, नाहीतर माझी सही नको, असं वाक्य तिच्या मनात तयारही झालं. पण वर्षभराची नेमणूक म्हणजे शिकवण्या सुटणार होत्या, आईचं ओळखपत्राचं टुमणं थांबणार होतं. तिने सही केली. बाहेर येऊन स्टेशनसमोर उसाचा रस प्यायली आणि स्वतःला समजावलं, की शेरा आहे ना, कुठे का असेना.

जूनमध्ये नेमणुकीचं पत्र आलं. खंडेरावांनी इमारतीत पेढे वाटले.

ऑक्टोबरमध्ये ती नव्या हंगामाच्या तयारीला दातिवऱ्याला गेली, ती बसमधून उतरली आणि चालता चालता थबकलीच. बनाच्या गावाकडच्या बाजूने माणसापेक्षा उंच जाळीचं कुंपण उभं राहिलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काशीबाईच्या घरासमोर जिथून पायवाट निघायची तिथे आता फलक होता: 'वन्यजीव अधिवास. प्रवेश निषिद्ध.' वर कानफाटीचा फोटो. तोंडात बोंबील तसाच होता. मागचे बाईचे पाय तेवढे कापून टाकले होते.

दार हिनाने उघडलं. तिच्या अंगावर निळा एप्रन होता, केस जाळीत बांधलेले. ती बाजूला झाली, पण "ये" म्हणाली नाही.

काशीबाई आत खाटेवर बसली होती. "बस," ती म्हणाली. "हिना, मॅडमना पानी दे."

मॅडम हा शब्द उत्कर्षाच्या कानाला चटका लावून गेला. "मावशी, हे कधी झालं?"

"गनपतीनंतर. माणसं आली, वलांड्या उपटल्या, बांबू गाडीत घातले. मंडळाची जागा हाय म्हनाली. आमी सगळ्या गेलो पालघरला. तिथं सायबाने एक पुस्तक दाखवलं. म्हनाला, आमच्या मनाचं काय नाय, मोजनी झाली हाय." काशीबाईने उशीच्या खालून घडी घातलेला कागद काढला. अहवालातल्या एका पानाची झेरॉक्स. "निमेशने वाचून दाखवलं. सहा वाटा. सत्तर फेऱ्या. मंगळवारी सरपन. सगळं बरोबर हाय. मीच सांगितलेलं." मग तिने एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय, तीव्र?"

उत्कर्षा म्हणाली, "म्हणजे... जास्त. फार जास्त."

"आमी फार जास्त होतो?"

"मावशी, मी खाली लिहिलं होतं, की तुमच्यामुळेच कोल्हे आहेत. ते मागच्या पानांत आहे. त्यांनी ते..."

"मागच्या पानाची झेरॉक्स नाय दिली आमाला." काशीबाईने कागदाची घडी होती तशी घातली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हिनाने पिशवी उचलली. कुंपण घातल्यापासून मासळी सुकवायला जागाच उरली नव्हती. रस्त्याच्या कडेला पसरली तर धूळ, गच्चीवर टांगली तर शेजाऱ्यांची भांडणं. ओली मासळी व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने देऊन टाकावी लागे. म्हणून हिना आणि आळीतल्या अकरा बायका बोईसरला औषधांच्या कारखान्यात डबे भरायला जाऊ लागल्या होत्या. गाडी न्यायला यायची. दारातून निघताना हिना उत्कर्षाला म्हणाली, "तुमचं बोईसर बघितलं आता. बारा तास उभं ऱ्हायाचं असतं, हे तुमी कधी बोलला नाय."

उत्कर्षाने त्या हंगामात खोली घेतली एडवणला, चार किलोमीटरवर. रोज फाटकातून परवानगीचं पत्र दाखवून आत जायची. फाटकावर मंडळाचा चौकीदार मारुती असायचा. बनात आता कमालीची शांतता होती. जमिनीवर सुरूच्या काड्यांचा जाड थर साचला होता, कारण सरपणाला कुणी येत नव्हतं. वलांड्यांच्या जागी नुसती वाळू आणि बांबूंची भोकं.

पहिल्या आठवड्यात एका बिळाच्या तोंडावर कोळिष्टकं दिसली. दुसरं बीळ ढासळलेलं. कॅमेऱ्यांत कुत्रे आणि उंदीर, उंदीर आणि कुत्रे. महिन्याभरात तिला फक्त दोन कोल्हे ओळखता आले, आणि दोन्ही रोडावलेले.

मारुतीला तिने विचारलं तेव्हा तो आधी टाळू लागला. मग म्हणाला, "मॅडम, त्यांना आत खायला काय हाय? खाडीकडून फिरून गावात शिरले. चार गाडीखाली गेले, सफाळ्याच्या रस्त्यावर. मीच उचलले. बाकीचे कोंबड्यांवर पडले. मग लोकांनी घातलं काय तरी."

"काय घातलं?"

"मासळीत विष. कुनी घातलं ते मला म्हाईत नाय, नि मी इचारलं पन नाय." तो तिला प्लॉट नंबर अकराच्या मागे घेऊन गेला. वाळूत तीन उंचवटे होते. "हे वर कळवलेलं नाय. कळवलं तर माझ्यावरच यायचं."

"यांत फाटक्या कानाची कोल्हीण होती?"

मारुतीने मधल्या उंचवट्याकडे हनुवटीने खूण केली.

त्या दुपारी ती काशीबाईकडे गेली. काशीबाई ओट्यावर एकटीच जाळं विणत होती. उत्कर्षाने सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले नाहीत.

"म्हाईत हाय मला. तिने माझ्या पन दोन कोंबड्या नेल्या."

"मावशी, तुम्ही कुणाला अडवलं नाही?"

"का अडवू?" काशीबाईने आता मान वर केली. "कुंपन तिच्या नावाचं. पाटी तिच्या फोटोची. आमची वाट तिच्यापायी गेली असं लोकांना वाटतं. लोकं चिडली. मी गप बसले. पाच वरसं जिला बघत होते, ती मेली, नि मी कोनाला काय बोल्ले नाय. आता तू मला इचारतंस?"

उत्कर्षा ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. काशीबाई 'बस' म्हणेल याची ती वाट बघत होती, पण काशीबाईने मान खाली घालून जाळ्याची पुढची गाठ मारली.

त्या हंगामाचा अहवाल तिने स्वतःच्या हाताने लिहिला. दोन्ही वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवले, विष्ठेत आधी मासे आणि खेकडे किती होते आणि आता काय उरलंय ते मांडलं, गाडीखाली गेलेल्यांच्या तारखा घातल्या. पहिल्याच पानावर लिहिलं: कोल्हे कुंपणामुळे गेले, वाट आणि वलांड्या परत दिल्या तर ते परतण्याची शक्यता आहे.

इंद्रजीत सरांनी ते नेहमीच्या मृदूपणाने वाचलं. "मेहनत दिसतेय. पण दोन हंगामांवरून कारण सांगता येत नाही. संख्या घटली, एवढंच आपण म्हणू शकतो."

"मागच्या वर्षी एका हंगामावरून कुंपण घालता आलं, सर."

"ते मंडळाने घातलं. आपण नाही." त्यांनी मंडळाचं पत्र तिच्यापुढे सरकवलं. घट लक्षात घेता संरक्षण अपुरं पडत असल्याचं दिसतं, म्हणून खाडीच्या बाजूनेही कुंपण घालण्याचा विचार आहे, संस्थेने तशी शिफारस करावी, असं त्यात होतं. "भांडण करून काही मिळणार नाही. सही कर, पुढच्या वर्षी हळूहळू वळवू आपण त्यांना."

या वेळी तिने सही केली नाही. अहवाल आठ दिवसांनी दुसऱ्याच्या सहीने गेला. मार्चअखेर तिची नेमणूक संपली, आणि ती वाढवली गेली नाही. घरी खंडेराव म्हणाले, "तुला एवढीच लाज वाटत होती तर पहिल्या वेळी वाटायला हवी होती. आता नोकरी गेली आणि त्या बायकांनाही काही मिळालं नाही." तिला राग आला. पण ते चुकीचं बोलले होते असं तिला म्हणता येईना.

मे महिन्यात गावाच्या अर्जावर मंडळाच्या पालघरच्या कार्यालयात सुनावणी लागली. निमेशने फोन केला. आवाजात ओलावा नव्हता, पण फोन केला. "आई बोलते, तुमाला बोलायचं असेल तर या." उत्कर्षा दोन्ही वर्षांचे कागद घेऊन गेली. लांब टेबलामागे मंडळाचे अधिकारी, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गावातल्या वीसेक बायका. कारखान्यात खाडा पडेल म्हणून हिना आली नव्हती.

उत्कर्षाने सगळं सांगितलं, नकाशे दाखवले. पंधरा मिनिटं ती बोलली. अधिकाऱ्यांनी मधे तोडलं नाही. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी पहिल्या वर्षाचा अहवाल उघडून तिच्याकडे फिरवला.

"या पानावरची सही तुमची?"

"हो."

"इथे मानवी हस्तक्षेप 'तीव्र' असं तुम्हीच नोंदवलंय. ते खोटं होतं का?"

"नाही. पण त्याचा अर्थ..."

"अर्थ आम्ही लावू. नोंद खरी आहे?"

तिने मागे बघितलं नाही. बायका ऐकत होत्या हे तिला पाठीवर जाणवत होतं. "खरी आहे," ती म्हणाली.

"आणि या वर्षीच्या अहवालावर तुमची सही नाही. तुम्ही आता संस्थेतही नाही. मग आज तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय?"

"मी मोजलंय, साहेब. दोन्ही वर्षं. त्यात एक शेरा होता, परिशिष्टात. तो एकदा वाचा."

त्यांनी पानं चाळली, शेरा शोधला आणि वाचलाही. "यात 'असावी' असं लिहिलंय," ते म्हणाले. "असावी यावर कुंपण काढता येत नाही, बाई."

निकाल त्याच दिवशी तोंडी मिळाला. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, दोन तास फाटक उघडून वाळलेलं सरपण नेऊ द्यायचं. मासळी सुकवायला परवानगी नाही. खाडीच्या बाजूच्या कुंपणाचं काम पावसाळ्यानंतर.

बायका उठल्या. कुणी रडली नाही, कुणी भांडली नाही. खाली उतरून सगळ्या एसटी स्टँडवर गेल्या आणि सफाळ्याच्या गाडीची वाट बघत सावलीत बसल्या. एकीने भाकरी आणि जवळ्याच्या चटणीची पुरचुंडी सोडली. उत्कर्षा जरा लांब, चौकशीच्या खिडकीपाशी उभी होती. जावं की थांबावं ते तिला कळत नव्हतं. बायकांपैकी दोघी-तिघींनी तिच्याकडे बघून काही तरी म्हटलं. तेवढ्यात काशीबाई उठून तिच्याकडे आली.

"आज आलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "तुझी नोकरी गेली ते निमेश बोल्ला."

"मावशी, मी वरच्या कार्यालयात अर्ज करते. वर्तमानपत्रातही देते. मी सोडणार नाही हे."

"कर, तुला वाटलं तर कर." काशीबाईने पदराने तोंड पुसलं. "पन गावात येऊ नको आता. मला राग नाय, खरं सांगते. रागाने काय व्हायचं? पन तू दिसलीस की बाया मला इचारतात, तुझ्याच घरात ऱ्हायलेली ना ती? तूच तिला वाटा दाखवल्यास ना? त्या अकरा जनी रोज माझ्या दारावरून गाडीला जातात. तोंडाने बोलत नाय, पन बघून जातात. मला त्यांच्यात मरेपर्यंत ऱ्हायाचं हाय."

"वाटा तुम्ही दाखवल्या, पण लिहिलं मी."

"तुझं तू बोईसरला नेलंस," काशीबाई म्हणाली. "माझं माझ्या दारात हाय."

सफाळ्याची गाडी लागली. बायका भाकऱ्या गुंडाळत उठल्या. काशीबाई वळली आणि घाईघाईने त्यांच्यामागे गेली. चढताना कुणीतरी तिला हात दिला की नाही, ते गर्दीत उत्कर्षाला दिसलं नाही. गाडी निघून गेल्यावर ती स्टँडबाहेर आली आणि बोईसरकडे जाणाऱ्या रिक्षात बसली.